जी रात्र मी पाहिलीच नाही, ती इतकी लख्ख कशी आठवते? (मदत हवी आहे)

मांजराकाठ:

राम राम मंडळी. आमचं गाव औसा तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी पावणेचार वर्षांचा. त्या पहाटेचं चित्र डोळ्यांपुढून हलत नाही. आज्जीनं मला वाकळीसकट उचललंय, अंगणात लिंबाखालच्या बाजेवर टाकलंय आणि मागं माळवद धसलंय. नाकात गेलेल्या मातीचा वाससुद्धा आठवतो. वाकळीला हिरव्या लुगड्याचा काठ होता.

मागच्या महिन्यात आई सहज म्हणाली, "तू कुठं होतास तवा? तुला गणपतीच्या आधीच मामानं आंबाजोगाईला नेलतं." मामीही तेच सांगते. बाजेवर होता तो दादा. आणि ती हिरव्या काठाची वाकळ आज्जीनं पुढं पत्र्याच्या शेडात राहायला गेल्यावर शिवली!

दादा हा विषय काढत नाही. सांगायची ती आज्जी, दरवर्षी विसर्जनाच्या रात्री. आता ती नाही.

मी खोटारडा नाही हो, पण डोकं चालंना. सध्या गावातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी फोनवर रेकॉर्ड करतोय. दोन चुलते एकाच घराचं दोन तऱ्हांनी सांगतात. कुणाचं खरं धरू?

कडक चहा:

आमच्या मंडळींना माझ्या लग्नातले माझे रुसवे आठवतात. मला नाही. अभ्यास व्हायला पाहिजे.

खडूफळा:

मी मानसशास्त्र शिकवतो. घाबरू नका, असं चांगल्या चांगल्यांचं होतं. आठवण म्हणजे पेटीत ठेवलेला फोटो नव्हे. दृश्य, वास, आवाज असे तुकडे आठवताना दर वेळी नव्यानं जुळवले जातात. त्यात ऐकलेलं आणि नंतर पाहिलेलंही बेमालूम शिवलं जातं, तुमच्या वाकळीसारखंच. बहुतेकांच्या पहिल्या आठवणी तीन-चार वर्षांच्या वयातल्या असतात, म्हणून नुसत्या वयावरून तुमचा निकाल लागला नसता. वाकळीनं लावला.

लख्ख आठवतं म्हणजे खरं, हेही नाही. १९८६ मध्ये अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान फुटलं. दुसऱ्याच दिवशी उल्रिक नायसर आणि निकोल हार्श यांनी विद्यार्थ्यांकडून बातमी कुठं, कशी कळली ते लिहून घेतलं. अडीच वर्षांनी परत विचारलं तर कित्येकांची हकिकत पार बदललेली, सांगणं मात्र ठाम. स्वतःच्या हातचा कागद दाखवला तरी काहींना जुनी आठवण येईना.

रेकॉर्डिंगसाठी एक सांगतो. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवून वेगाबद्दल विचारलं. काहींना "गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा" असं, काहींना "जोरात आदळल्या तेव्हा" असं. आठवड्यानं विचारलं, काच फुटलेली दिसली का? "आदळल्या" ऐकलेल्या ५० पैकी १६ जण हो म्हणाले, "लागल्या" ऐकलेल्या ५० पैकी ७. फिल्ममध्ये काच फुटलीच नव्हती!

म्हणून चुलत्यांना एकत्र बसवू नका. "भिंत कुठल्या अंगाला पडली?" असं तर अजिबात विचारू नका, त्यात भिंत पडली हे तुम्हीच सांगून बसता. "त्या रात्रीचं सांगा" म्हणा आणि गप्प ऐका. मध्ये ते थांबले तरी घाई नको. शेवटी एवढंच विचारा, हे तुम्ही स्वतः पाहिलं की कुणी सांगितलं? दोन हकिकती जुळल्या नाहीत तर दोन्ही तशाच ठेवा. ताळमेळ घालायला गेलात की तिसरीच तयार होईल.

मांजराकाठ:

सर, आभार. काल दादाला एकट्याला गाठलं, शेतात. तुम्ही म्हणालात तसं "त्या रात्रीचं सांग" म्हणून गप्प बसलो. बराच वेळ त्यानं नुसती ढेकळं फोडली. मग म्हणाला, "बाज कुठली रे? बाज आतच गाडली गेली. आज्जीनं मला पाठुंगळी घेतलं आन् उजाडेस्तोवर खाली ठेवलंच नाही."

म्हणजे बाज आज्जीनं घातली की दादानं काढली, देव जाणे. रेकॉर्डिंग ठेवलंय. आईचं व्हायचंय अजून, तोवर तिला ऐकवणार नाही.