कोल्हापूरच्या फाउंड्री उद्योगाला नवोन्मेष समूह म्हणता येईल का?

विचारणा: शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथे ओतकामाचे कारखाने दाटीने उभे आहेत. परंतु एकाच धंद्याचे कारखाने शेजारी असणे आणि त्यांतून नवे तंत्र निर्माण होणे (म्हणजे नवोन्मेष समूह) यांत फरक आहे, असे मला वाटते. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

शिरोलीकर: अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी 1890 मध्येच अशा वस्तीचे तीन लाभ सांगितले होते: कुशल कामगार, पूरक पुरवठादार आणि कारागिरीचे सहज पसरणारे ज्ञान. कोल्हापुरात शेतीपंपांच्या ऑइल इंजिनांच्या निमित्ताने हे तिन्ही जमून आले. मात्र कामगारासोबत एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये जाणारे ज्ञान बहुधा अनुकरणाचेच असते.

पुणेकर वाचक: पुण्याशी तुलना करून पाहावी. तेथे 1966 मध्ये वाहनांच्या चाचणी व संशोधनासाठी एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) ही संस्था स्थापन झाली आणि पिंपरी-चिंचवडमध्ये मोठे वाहन-उत्पादक असल्यामुळे लहान पुरवठादाराला मागणी आणि चाचणी या दोन्ही गोष्टी जवळच मिळाल्या. माझ्या मते खरा फरक येथे आहे.

शिरोलीकर: सहमत आहे, पण साच्यांसाठी वापरलेल्या वाळूच्या पुनर्वापरासारखे काम एकट्या छोट्या फाउंड्रीला परवडत नाही, आणि सामायिक सुविधा केंद्राचा उपयोग तेथेच होतो. पॅटर्नची (ज्यावरून वाळूचा साचा घेतात त्या नमुन्याची) रेखाचित्रे मात्र कोणीही शेजाऱ्याला दाखवणार नाही!

विचारणा करणारा: म्हणजे सहकार्य वाळूपुरते आणि स्पर्धा पॅटर्नमध्ये. आता प्रश्न अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या सहभागाचा उरतो.