चर्चा धागा : रोमनांनी ब्रिटनला काय दिले?

वाटसरू (धागाकर्ता) :
इ.स. ४३ मध्ये सम्राट क्लॉडियसच्या फौजा ब्रिटनमध्ये उतरल्या आणि दोन-तीन पिढ्यांत तिथे काटकोनात छेदणारे रस्ते, सार्वजनिक स्नानगृहे आणि फरशीखालून गरम हवा खेळवलेल्या खोल्या आल्या. तरीही माझ्या मते खरा बदल दगडविटांचा नसून लिखापढीचा आहे. लंडनमध्ये एक लाकडी पाटी सापडली आहे. लिहिण्यासाठी तिच्यावर थापलेले मेण कधीच गेले, पण टोकदार लेखणीचे ओरखडे लाकडात उरले. ८ जानेवारी ५७ या दिवशी टिबुलस नावाच्या मुक्त गुलामाने, विकत घेऊन ताब्यात मिळालेल्या मालापोटी आपण ग्रेटसचे १०५ दिनार देणे लागतो, असे तीवर लिहून दिले आहे. स्वारीनंतर अवघ्या चौदा वर्षांत तिथे उधारीचा व्यवहार लेखी झाला होता, हे मला कोणत्याही मंदिरापेक्षा मोठे वाटते.

खापरतुकडा :
असहमत. या पाटीत स्थानिक शेतकरी कुठे आहे? बहुसंख्य लोक खेड्यांतच राहत होते आणि अनेक ठिकाणी गोल झोपड्या पुढेही बांधल्या जात होत्या. कोल्चेस्टरमध्ये निवृत्त सैनिकांनी लोकांना घरादारांतून हुसकावून जमिनी बळकावल्या. ६०-६१ च्या सुमारास बूडिका या स्थानिक राणीच्या बंडात ते शहर जळाले, आणि त्या आगीचा लालसर थर आजही खोदकामात लागतो. अ‍ॅग्रिकोला या सुभेदाराचा जावई असलेल्या टॅसिटस या रोमन इतिहासकारानेच म्हटले आहे की, स्नानगृहे आणि मेजवान्या यांना भोळे लोक संस्कृती म्हणत, प्रत्यक्षात तो गुलामगिरीचाच भाग होता. (सासऱ्याचे गुणगान करतानाच त्याने हे लिहिले, ही गंमतच.) शिवाय सिल्चेस्टरला रोमनांच्या आधीच आखीव रस्ते होते आणि तिथल्या त्याच काळातल्या विहिरीत परदेशातून आलेल्या ऑलिव्हची बी सापडली आहे.

नदीकाठ :
खापरतुकडा, सैनिकांच्या अरेरावीबद्दल वाद नाही. पण बाथ येथील गरम झऱ्यात टाकलेले शिशाचे पत्रे पाहा. असे सुमारे १३० पत्रे मिळाले असून बहुतेकांवर चोरांना लॅटिनमध्ये शाप दिलेले आहेत. डोसिमेडिस नावाच्या माणसाचे दोन हातमोजे चोरीला गेले, तर चोराची बुद्धी आणि डोळे जावेत, असे साकडे त्याने घातले. सुलिस या स्थानिक देवीची सांगड रोमनांनी आपल्या मिनर्व्हा देवीशी घातली होती आणि तिच्याच दारी ही गाऱ्हाणी येत. हातमोज्यांसाठी देवीला अर्ज करणारा माणूस दरबारी खासा नव्हे.

खापरतुकडा :
मान्य, पण ४१० च्या सुमारास रोमन सत्ता संपली आणि शहरे ओस पडत गेली. सिल्चेस्टरच्या रस्त्यांवर आज शेते आहेत. गॉलमध्ये (साधारण आजच्या फ्रान्समध्ये) लॅटिनची फ्रेंच झाली, ब्रिटनमध्ये मात्र वेल्श ही स्थानिक भाषा टिकली. रुजलेली गोष्ट अशी उपटली जाते का?

वाटसरू :
वेल्श टिकली, परंतु तिच्यात पूल म्हणजे ‘पॉन्ट’, खिडकी म्हणजे ‘फेनेस्टर’ आणि पुस्तकासाठीचा शब्दही लॅटिनमधूनच आलेला आहे.