मुंबईत नवं रेस्टॉरंट उघडलं की कधी जावं?

माहीमकर: वांद्र्याचं 'पापाज' २०२४ मध्ये सुरू झालं, जागा फक्त १२. अशा ठिकाणी जागा कशी मिळवायची?

चवदार: तिथे काउंटरवरच बसायचं असतं, त्यामुळे दोघांचंच बुकिंग करा; चौघांना सलग जागा मिळणं अवघड. मेनू ठरलेला असतो. ॲलर्जी, शाकाहार बुकिंग करतानाच कळवा, कारण स्टॉक (हाडं-भाज्या उकळून काढलेलं पाणी) आणि वाटणं आधीच तयार असतात, ऐनवेळी बदल जमत नाही.

खाऊगल्ली: इतर नव्या ठिकाणी निदान तीन आठवडे थांबा. सुरुवातीला सगळ्या ऑर्डरी एकदम येतात, तंदूर अडतो, स्टार्टर आणि जेवण एकत्रच टेबलावर येतं. मंगळवारी-बुधवारी साडेसातला जा, जेवण निवांत होतं.

गिरगावकर: बिलही बघा! मोठ्या हॉटेलातलं रेस्टॉरंट नसेल तर जीएसटी ५ टक्के. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे, काढायला सांगा. नकार दिला तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.