मदत हवी आहे: १९७७ चा मूळ 'स्टार वॉर्स' आणि रीजन १ ची डीव्हीडी

२०१५, २०१७ आणि २०१९ च्या तिन्ही भागांनी माझा पुरता विरस केला, पण तो विषय राहू दे. त्यावर भांडायला आपल्याकडे माणसं कमी नाहीत. मला भाचीला पहिला 'स्टार वॉर्स' दाखवायचाय, १९७७ साली थिएटरात लागला होता तसा. स्ट्रीमिंगवर आहे तो १९९७ पासून फेरफार होत आलेला. गुत्त्यात हान सोलो टेबलाखालून समोर बसलेल्या ग्रीडोला थेट उडवतो, हीच तर त्याची ओळख! नव्यात ग्रीडोही गोळी झाडतो आणि हानची मान संगणकाने बाजूला सरकवलीय. बघवत नाही.

मूळ आवृत्ती २००६ च्या दोन डिस्कच्या डीव्हीडी संचात जादा डिस्कवर होती. २००४ चा बॉक्स आणि २०११ ची ब्लू-रे सुचवू नका, दोन्हींत बदललेलीच आहे. टॉरेंटही नको. जुन्या बाजारात बरंच शोधलं, हाती काही लागलं नाही.

मावसभाऊ अमेरिकेतून येताना वापरलेला संच आणेल, पण तो रीजन १ (डीव्हीडीवर प्रदेशाचं कुलूप असतं, त्यातलं अमेरिकेचं) आणि एनटीएससी (तिकडची व्हिडिओ पद्धत). आपल्याकडचे प्लेअर रीजन ५ चे. लॅपटॉपच्या ड्राइव्हचा रीजन मोजक्याच वेळा बदलता येतो, म्हणून तो पर्याय बाद. तेव्हा रीजन १ चालवणारा, टीव्हीला जोडायचा प्लेअर हवाय; टीव्हीला एचडीएमआय आहे. पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातले, तपकीर गल्लीतले दुकानदार "सगळं चालतं हो" एवढंच म्हणतात, आणि तपासायला माझ्याकडे तसली डिस्क नाही.

पुण्यात कोणी रीजन १ ची डिस्क स्वतः लावून पाहिली आहे का, आणि प्लेअर नेमका कोणत्या मॉडेलचा होता?