अटक न दाखवता दोन रात्री पोलीस ठाण्यात ठेवलं : राज्य मानवी हक्क आयोगाकडे तक्रार कशी करावी?

घाटमाथा :
एका २२ वर्षांच्या मुलाला चोरीच्या संशयावरून संध्याकाळी साडेसातला घरातून उचललं. तालुक्याच्या पोलीस ठाण्यात दोन रात्री बसवून ठेवलं, तळपायांवर पट्ट्याने मारलं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला एका कागदावर सही घेऊन सोडलं. गुन्ह्यात नाव नाही, अटक नाही, नोटीस नाही. याला चार महिने झाले. ग्रामीण रुग्णालयाचा केस पेपर आहे आणि मोबाइलवर काढलेले पायांचे फोटो आहेत. घरच्यांनी पोलीस अधीक्षकांकडे अर्ज दिला होता, पण उत्तर आलं नाही.

महाराष्ट्र राज्य मानवी हक्क आयोगाकडे जायचं ठरतंय. तक्रारीत नेमकं काय लिहायचं? वकील लागतो का? आणि आयोगाच्या हातात खरोखर काय आहे? 'नुसती शिफारस करतात' असं सगळे सांगतात. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

जावक_क्रमांक :
आधी मुदतीचं बोलू, कारण प्रकरणं तिथेच मरतात. मानवी हक्क संरक्षण अधिनियम १९९३ च्या कलम ३६(२) प्रमाणे घटनेपासून एक वर्ष उलटल्यावर आयोगाला चौकशी करता येत नाही. कायद्यातला शब्द नीट वाचा. तो 'चौकशी' असा आहे, 'तक्रार' असा नाही. त्यामुळे अकराव्या महिन्यात अर्ज टाकून निर्धास्त राहू नका. बेकायदा डांबून ठेवण्याचा परिणाम अजून चालू आहे, म्हणून मुदतही चालू आहे, हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने धौंडियाल प्रकरणात मान्य केलेला नाही. माणूस सुटला की घड्याळ सुरू. तुमचे चार महिने गेलेत, तेव्हा याच आठवड्यात अर्ज पाठवा.

वकील लागत नाही, फी नाही, कोर्ट फी स्टॅम्प नाही. मराठीत लिहिलेलं चालतं. मुलाने स्वतः करावी किंवा त्याच्या वतीने कोणीही करावी. पण त्याची सही असलेलं, घटना तारीखवार सांगणारं शपथपत्र सोबत असलं की वजन पडतं.

आता मजकूर. बहुतेक अर्जांत पहिलं पानभर 'पोलिसांची दडपशाही', 'लोकशाहीचा खून' असतं आणि तारीख शोधावी लागते. उलटं करा. पहिल्याच परिच्छेदात हे यावं : कोणत्या तारखेला, किती वाजता, कुठून, कोणी नेलं (नाव माहीत नसेल तर हुद्दा, बकल नंबर म्हणजे गणवेशावरचा क्रमांक, गाडीचा नंबर, वर्णन), कोणत्या ठाण्यात, कोणत्या खोलीत ठेवलं, कधी सोडलं. साडेसात ते तिसऱ्या सकाळचे नऊ म्हणजे साडेसदतीस तास होतात. हा आकडा ठळक लिहा. संविधानाचं कलम २२(२) आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५८ सांगतं की प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर न्यायला हवं. म्हणजे मारहाण क्षणभर बाजूला ठेवली तरी साडेसदतीस तास सिद्ध झाले की हक्कभंग सिद्ध झाला. लोक सगळा जोर मारहाणीवर देतात आणि कागदावर सहज सिद्ध होणारी गोष्ट दोन ओळींत उरकतात.

मग मागण्या. 'दोषींना निलंबित करा' एवढीच मागणी असेल तर ती आयोगाच्या हातातली नाही. मानवी हक्क अधिनियमाचं कलम १८ पाहून मागा : नुकसानभरपाईची शिफारस, जबाबदार अधिकाऱ्यांवर खटला किंवा कारवाई करण्याची शिफारस, आणि चौकशी चालू असताना तातडीचा अंतरिम दिलासा.

अर्ज आयोगालाच उद्देशून हवा. गृहमंत्र्यांना लिहिलेल्या अर्जाच्या तळाशी 'प्रत : मानवी हक्क आयोग' असं टाकलं तर त्याला कोणी तक्रार म्हणत नाही. मुंबईत सीएसएमटीसमोर हजारीमल सोमाणी मार्गावर कार्यालय आहे. हाती देता आलं तर दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या, नाहीतर स्पीड पोस्टाने पाठवून पोचपावती जपा.

दिल्लीलाही_पाठवू_नका :
वरच्यात एक भर. घाईत लोक तोच अर्ज दिल्लीच्या राष्ट्रीय आयोगालाही त्याच दिवशी पाठवतात. दिल्लीने आधी दखल घेतली तर कलम २१(५) मुळे राज्य आयोगाला त्यात हात घालता येत नाही. दिल्लीहून ते प्रकरण कलम १३(६) खाली मुंबईला वर्ग होऊ शकतं, पण त्यात महिने जातात आणि तुमचं वर्ष पळत असतं. एकच दार ठोठवा. न्यायालयात किंवा दुसऱ्या कुठल्या आयोगात प्रकरण नाही, हेही शपथपत्रात स्पष्ट लिहा.

ठाणे_डायरी :
आयोगाकडे काठी नाही, पण कागद मागवण्याची ताकद आहे. कलम १३ खाली त्याला दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत : साक्षीदाराला समन्स, दस्तऐवज हजर करण्याचा हुकूम, कोणत्याही कार्यालयातून सरकारी अभिलेख मागवणं. कोणते कागद मागवायचे हे मात्र तुम्ही सांगितलं पाहिजे. मी म्हणेन की तक्रारीचा खरा प्राण त्या यादीत असतो.

या प्रकरणात मागायचे कागद असे. त्या तीनही दिवसांची स्टेशन डायरी (ठाण्यातल्या रोजच्या नोंदींची वही), पहिल्या तारखेच्या दुपारपासून सलग, निवडक उतारे नकोत. सरकारी वाहनाचं लॉगबुक, कारण घरातून आणलं ते गाडीने, आणि किलोमीटर खोटे लिहिणं डायरीपेक्षा अवघड असतं. ज्या चोरीच्या संशयावरून उचललं, त्या गुन्ह्याची केस डायरी, म्हणजे तपासाची रोजची नोंद. सोडताना सही घेतली तो कागद. आणि सीसीटीव्ही.

सीसीटीव्हीबद्दल थांबून सांगतो. परमवीर सिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्याच्या प्रवेशद्वारावर, लॉकअपमध्ये, व्हरांड्यात, निरीक्षकाच्या खोलीत, स्वच्छतागृहांच्या बाहेर आवाजासह कॅमेरे लावायला आणि चित्रण १८ महिने, ते शक्य नसेल तर किमान एक वर्ष ठेवायला सांगितलं आहे. ठाण्यात बळ वापरून गंभीर इजा किंवा मृत्यू झाला तर मानवी हक्क आयोगाकडे जाता येतं आणि आयोगाने ते चित्रण लगेच मागवून घ्यावं, असंही त्याच निकालात आहे. प्रत्यक्षात 'हार्ड डिस्क बिघडली होती' किंवा 'जुनं आपोआप पुसलं जातं' असं उत्तर येतं. म्हणून आयोगाच्या नोटिशीची वाट न पाहता आजच पोलीस अधीक्षकांना वेगळा, एका पानाचा अर्ज द्या : अमुक तारीख, अमुक वेळ ते अमुक वेळ, अमुक ठाणं, चित्रण जतन करावं, या निकालाचा हवाला. त्याची पोच आयोगाच्या तक्रारीला जोडा. पुढे चित्रण 'नाही' निघालं, तर लेखी मागणीनंतर नष्ट झालं हे तुमच्या बाजूला जातं. पोच नसेल तर तो नुसता तांत्रिक बिघाड ठरतो.

घाटमाथा :
फार उपयोगी. सही घेतलेल्या कागदावर काय होतं हे मुलाला माहीत नाही, वाचू दिलं नाही. त्याचा त्रास होईल का? आणि तक्रार गेल्यावर पुढे काय होतं?

ठाणे_डायरी :
तो कागद बहुधा जबाब किंवा समजपत्र असतो. 'चौकशीकामी बोलावले असता स्वतःहून हजर झालो, माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही, मला मारहाण झाली नाही' अशा नमुन्याचा. पोलिसांच्या अहवालात तोच पहिला जोडलेला असतो. म्हणून तक्रारीतच आधी सांगून टाका : न वाचू देता सही घेतली, कोणत्या हुद्द्याच्या माणसाने घेतली, तेव्हा शेजारी कोण होतं. आधी सांगितलेली गोष्ट खुलासा ठरते, अहवाल आल्यावर सांगितली तर पश्चातबुद्धी ठरते.

केस पेपरही पुन्हा नीट पाहा. त्यावर वैद्यकीय-कायदेशीर नोंद, म्हणजे एमएलसी क्रमांक आहे का? 'पडल्यामुळे दुखापत' असं लिहिलंय का? भीतीपोटी रुग्ण स्वतःच तसं सांगतो. तसं असेल तर शपथपत्रात कारण द्या. फोटोंचं म्हणाल तर मोबाइलमधली मूळ फाइल तशीच ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरवलेल्या प्रतीत तारखेची माहिती उरत नाही. तळपायांवरचे वळ काही दिवसांत मावळतात, आज तपासणी केली तर हाती फारसं लागणार नाही, तेव्हाचेच कागद पुरावा आहेत.

जावक_क्रमांक :
पुढच्या क्रमाबद्दल. छाननीत टिकली की तक्रारीला क्रमांक मिळतो आणि कलम १७ खाली अहवाल मागवला जातो, बहुतेक वेळा पोलीस अधीक्षकांकडून. अधीक्षक तो उपविभागीय अधिकाऱ्याकडे, उपविभागीय अधिकारी ठाण्याकडे, आणि शेवटी ज्याच्यावर आरोप आहे तोच मसुदा लिहितो. हे टाळायचं तर तक्रारीतच विनंती करा की अहवाल त्या उपविभागाबाहेरच्या अधिकाऱ्याचा असावा, किंवा आयोगाच्या स्वतःच्या तपास शाखेने चौकशी करावी. आयोगाचा तपास विभाग पोलीस महानिरीक्षकापेक्षा कमी दर्जा नसलेल्या अधिकाऱ्याच्या हाताखाली असतो, तशी कायद्यातच तरतूद आहे.

अहवालाची प्रत तुमच्याकडे आली की प्रत्युत्तर द्यावं लागतं. प्रकरण मरतं ती ही दुसरी जागा. पत्र जुन्या पत्त्यावर जातं, मुलगा कामाला बाहेरगावी गेलेला असतो, प्रत्युत्तर जात नाही, आणि 'तक्रारदारास स्वारस्य नाही' म्हणून फाइल बंद होते. पत्ता असा द्या जिथे पत्र घेणारा माणूस कायम आहे. प्रत्युत्तर परिच्छेदाला परिच्छेद लिहा. अहवालात म्हटलं असेल की 'त्याच दिवशी रात्री दहाला नातेवाइकांच्या ताब्यात दिले', तर विचारा : कोणत्या नातेवाइकाच्या? सही कुठे आहे? डायरीत नोंद किती वाजताची?

सुनावणीत पोलिसांनाही कलम १६ खाली म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते. ती दिली नाही तर आदेश उच्च न्यायालयात टिकत नाही, म्हणून त्यात जाणाऱ्या तारखांबद्दल चिडू नका. मधल्या काळात 'तक्रार मागे घेतो' असं लिहून देण्याचा दबाव येतो. तसं घडलं तर त्याच दिवशी तक्रार क्रमांक टाकून आयोगाला कळवा. आणि मुलाला सांगा की आयोगासमोर खरं सांगितलेलं विधान कलम १५ मुळे त्याच्याविरुद्ध खटल्यात वापरता येत नाही. संरक्षण फक्त खोटी साक्ष देणाऱ्याला नाही.

आता 'नुसती शिफारस' याविषयी. शब्द शिफारसच आहे. पण कलम १८ प्रमाणे अहवाल शासनाकडे गेल्यावर एका महिन्यात, किंवा आयोग वाढवून देईल त्या मुदतीत, काय कारवाई केली हे शासनाला कळवावं लागतं. मद्रास उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने फेब्रुवारी २०२१ मध्ये या शिफारशी शासनावर बंधनकारक आहेत असं म्हटलं. तो निकाल महाराष्ट्राला थेट बांधत नाही, युक्तिवादात जरूर वापरता येतो. शासनाने काहीच केलं नाही तर अनुच्छेद २२६ खाली मुंबई उच्च न्यायालयात रिट, म्हणजे शासनाला आदेश द्यावा अशी याचिका. तेव्हा हातात आयोगाने चौकशी करून काढलेला निष्कर्ष असतो आणि कोऱ्या हाताने गेलेल्या अर्जदारापेक्षा तुमची जागा फार बळकट असते.

सहा_महिने :
एक धोक्याची गोष्ट कोणी लिहिली नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १६१ मध्ये कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दल पोलिसांवर खटला किंवा दावा सहा महिन्यांत दाखल करावा लागतो. शासनाच्या पूर्वमंजुरीने खटल्यासाठी दोन वर्षं मिळतात. कोठडीतली मारहाण या कलमात बसते का यावर न्यायालयांत वाद होतो, पण तो वाद ओढवून घेऊ नका. आयोगाचं वर्ष आणि हे सहा महिने ही दोन वेगळी घड्याळं आहेत, आणि आयोगात अर्ज आहे म्हणून दुसरं थांबत नाही. तुमच्याकडे दोन महिने उरलेत. फौजदारी बाजूचा निर्णय वकिलाशी बोलून याच महिन्यात घ्या. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया आणि ठरावीक उत्पन्नाखालच्यांना तिथे मोफत वकील मिळतो.

घाटमाथा :
आज सीसीटीव्ही जतन करण्याचा अर्ज अधीक्षक कार्यालयात देऊन शिक्का घेतो. शपथपत्र उद्या. केस पेपरवर 'पडल्यामुळे' असंच लिहिलेलं आहे, त्याचं कारण मुलाकडून नीट ऐकून पहिल्याच पानावर घालतो.