गॅरामाँड फिका का वाटतो
गॅरामाँड हा इंग्रजी फाँट स्क्रीनवर फिका दिसतो, ही तक्रार खरीच आहे. पण दोष अक्षरांचा नाही. सोळाव्या शतकात पॅरिसमध्ये क्लोद गारामाँने हे वळण छपाईच्या धातूच्या खिळ्यांसाठी घडवलं. कागदावर शाई थोडी पसरे आणि रेघा आपोआप भरत; स्क्रीनवर तसं होत नाही. स्मॉल अक्षरांची उंचीही कमी, म्हणून एक-दोन पॉइंट वाढवून बघाच. जाड-बारीक रेघांतला फरक सौम्य असल्याने लांब मजकुरात डोळे थकत नाहीत. पाट्यांना मात्र हा फाँट नको.

निवडताना एक सांभाळा: या नावाचे बरेच फाँट प्रत्यक्षात सतराव्या शतकातला फ्रेंच मुद्रक जाँ जानोँ याच्या अक्षरांवर बेतलेत, हे मुद्राक्षरांच्या अभ्यासक बिॲट्रिस वॉर्ड यांनी १९२६ मध्ये दाखवून दिलं. गारामाँचं मूळ वळण हवं तर ॲडोबी गॅरामाँड किंवा साबोन हा फाँट घ्या.