दगडू-शेवंता या दोन कासवांना वेगळं करायचं का? (सोसायटीचा ग्रुप, परभणी)

रेणूताई बी-१०२: देशपांडे काकू, राग मानू नका पण आज परत तेच. भर उन्हात शेवंता उताणी पडून पाय हलवू लागली होती अन् तुमचा दगडू बाजूनं ढुशा द्यायला होता. ओमनं सरळ केली तर पोराच्या हाताला चटका बसला. ४३ डिग्री चाललंय. कोणी पाहिलंच नसतं तर?

देशपांडे काकू: अगं खेळतात ते. आजचे आहेत का? अभय अकरावीला होता तेव्हा पुण्याहून आणले, दोघंही तळहातावर मावायचे.

वैभव ए-३०१: नवरा-बायकोच्या भांडणात तिसऱ्यानं पडू नये ताई 😂

रेणूताई बी-१०२: वैभव, प्रत्येक गोष्टीत चेष्टा नको.

कदम सर: सर्व सभासदांस विनंती. एप्रिलच्या टँकरचे पैसे अद्याप सात जणांकडून येणे आहे. नावे जाहीर करायला लावू नका.

सेक्रेटरी: सर, टँकरसाठी वेगळा ग्रुप आहे. कृपया तिथे टाका.

कदम सर: तिथे कोणी वाचत नाही.

रेणूताई बी-१०२: माझं म्हणणं एवढंच आहे की दोघांना वेगळं ठेवा. मागच्या पावसाळ्यात दगडूनं कंपाउंडच्या भिंतीखाली बीळ पाडलं तेव्हापण मिटिंगमध्ये "बघू" झालं होतं.

देशपांडे काकू: वेगळं केलं तर शेवंता खाणं सोडेल. रात्री त्याला टेकूनच झोपते. ज्यांनी मुक्या जीवाला कधी जीव लावला नाही त्यांना काय सांगावं.

रेणूताई बी-१०२: हे मला आहे का?

देशपांडे काकू: मी कोणाचं नाव घेतलं नाही 🙏

निकम मामा: महादेवाच्या देवळात नंदीपाशी कासव असतं. कासव जागचं हलवू नये, घरातली लक्ष्मी जाते.

वैभव ए-३०१: मामा, ते दगडाचं असतं. हे आपोआप हलतं, मागच्या आठवड्यात माझ्या गाडीखाली होतं.

स्नेहल बी-२०४: काकू नमस्कार. मी इथल्या पशुवैद्यकीय कॉलेजला आहे, बोलू का?

कदम सर: सोसायटीच्या विषयात भाडेकरूंनी मत देण्याची पद्धत नाही.

सय्यद भाई: सर, तुमच्या बोक्याला रात्री अकरा वाजता कोणी पाहिलं होतं? तेव्हा पद्धत होती का?

कदम सर: हा मेसेज डिलीट केला गेला

देशपांडे काकू: बोल गं स्नेहल.

स्नेहल बी-२०४: काकू, दोघं एका जातीचे नाहीत. दगडू सल्काटा आहे, आफ्रिकेतल्या सहाराच्या दक्षिणेकडचा. कोरडी हवा, गवत खाणं आणि बीळ खोदणं हा त्याचा स्वभावच. अजून वाढणार, ही जात ४०-५० किलोपर्यंत जाते. शेवंता रेड-फूटेड, दक्षिण अमेरिकेतली, तिला ओलसर सावली लागते. तुम्ही एकाच परातीत केळं, पपई, कलिंगडाच्या साली ठेवता. शेवंताला फळं चालतात, दगडूचं पोट त्यानंच बिघडतं. तुम्ही परवा म्हणालात ना, पातळ होतंय.
दुसरं म्हणजे एका जातीच्या अंगात जंत किंवा जंतू काही त्रास न देता राहतात, तेच दुसरीला लागले तर ती दगावू शकते.
आणि उताणं पडणं हा खेळ नाही. फुप्फुसं पाठीच्या कवचाला लागून असतात, उलटं झालं की पोटातल्या अवयवांचा भार त्यांच्यावर येतो. वरून आपलं ऊन.

देशपांडे काकू: मग टेकून झोपतात ते?

स्नेहल बी-२०४: हिवाळ्यात बल्बखाली ऊब, उन्हाळ्यात जिन्याखाली गार. दोघांना एकच जागा हवी असते काकू. कासवं तशी एकटी राहणारी. मागं मागं फिरणं, वाट अडवणं, गळ्याखालच्या पुढं आलेल्या टोकानं ढुशी देणं, ही दादागिरी असते.

वैभव ए-३०१: म्हणजे दगडू हा आपला चेअरमन 😂

सेक्रेटरी: वैभव, मर्यादा.

स्नेहल बी-२०४: अजून एक. वाईट वाटून घेऊ नका. शेवंताचं पोट आत खोलगट आहे आणि शेपूट लांब. तो नर आहे.

वैभव ए-३०१: शेवंतराव!!! 😂😂😂

सय्यद भाई: काकू, दर वर्षी हळदी-कुंकवाला ओटी भरू लालता ना तिची?

देशपांडे काकू: …

देशपांडे काकू: अभयला फोन लावते. दुकानदारानं जोडी म्हणून दिली होती.

कदम सर: सर्व सभासदांस विनंती. एप्रिलच्या टँकरचे पैसे अद्याप सात जणांकडून येणे आहे.

निकम मामा: शेवंताला एकटं वाटत असंल तर मेव्हण्याकडं चांदण्याचं कासव हाय. देऊ का आणून?

स्नेहल बी-२०४: मामा, अजिबात नको. ते आपलं भारतातलं स्टार कासव. वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अनुसूचीत आहे, किमान ३ वर्षं शिक्षा. मेव्हण्यांना वन विभागाकडे द्यायला सांगा. तुमचा मेसेजही काढा.

निकम मामा: हा मेसेज डिलीट केला गेला

सेक्रेटरी: देशपांडे काकू, तुमच्या दोन्हींची नोंद आहे ना? उद्या सोसायटीवर यायला नको.

देशपांडे काकू: अभयनं २०२४ मध्येच केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर केली आहे. कागद कपाटात आहे. पार्किंगच्या गेटचा हिशेब कुठल्या कपाटात आहे ते तेवढं सांगा.

सेक्रेटरी: तो विषय मिटिंगमध्ये घेऊ.

रेणूताई बी-१०२: काकू, मलाही शेवंता… शेवंतराव आवडतो. म्हणून तर ओरडते. मधे जाळी लावू या का? एकमेकांना दिसतील तरी.

स्नेहल बी-२०४: जाळी नको ताई. पलीकडचं दिसलं की दगडू दिवसभर डोकं आपटत बसेल. न दिसणारी आडभिंत हवी. शहाबादी फरशी उभी गाडली तरी चालेल, पण खाली चांगली खोल, नाहीतर तो उकरेल. दगडूकडे हरळी आणि कोरडी जागा. शेवंताकडे माठ आडवा अर्धा पुरून त्यात ओलं पोतं.

कदम सर: ओलं पोतं म्हणजे पाणी. म्हणजे टँकर. म्हणूनच मी म्हणतो की

देशपांडे काकू: आमच्या कूलरचं पाणी वापरीन सर. अन् आमचे पैसे पाच तारखेलाच दिलेत, रजिस्टर बघा.

देशपांडे काकू: महिनाभर करून बघते. खाणं सोडलं तर मात्र फरशी काढणार.

स्नेहल बी-२०४: चालेल काकू. नवीन जागेत पहिले काही दिवस कमी खाईल, लगेच काढू नका. दर आठवड्याला दोघांचं वजन करू, मी काटा आणते. दगडूला उचलायला वैभवदादा लागेल.

वैभव ए-३०१: चेअरमनसाठी हजर 🫡

सेक्रेटरी: फरशा बी विंगच्या मागे पडून आहेत, त्यातल्या घ्या.

कदम सर: त्या फरशा ए विंगच्या पैशातून आल्या होत्या.

रेणूताई बी-१०२: झालं सुरू.

सय्यद भाई: मी काढतो सहा फरशा. सकाळी सातला, ऊन व्हायच्या आत. ज्याला अडवायचं त्यानं फावडं घेऊन यावं, एक माणूस कमीच हाय.